बुरशी निघाली, चिठ्ठ्या हरवल्या: एका राजसंग्रहाच्या भांडारातलं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरातल्या एका विश्वस्त संस्थेच्या कलासंग्रहालयाचं हे प्रकरण आहे. संस्थेची किंवा मूळ घराण्याची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

संग्रह जुन्या मध्य प्रांतातल्या एका मांडलिक संस्थानाचा. १५ डिसेंबर १९४७ रोजी सरदार पटेलांनी छत्तीसगडच्या संस्थानिकांकडून विलीनीकरणाच्या करारावर सह्या घेतल्या त्या नागपुरातच, आणि १ जानेवारी १९४८ पासून त्या संस्थानांचा कारभार प्रांताकडे आला. राजाची खासगी मालमत्ता राजाकडेच राहील असं करारात होतं. पण खासगी काय आणि संस्थानची काय, हे ठरवायला प्रत्येक घराण्याला याद्या द्याव्या लागल्या. या घराण्याच्या कारकुनांनी पोथीखान्यातल्या प्रत्येक बासनात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, एक चिठ्ठी खोचली. तिच्यावर क्रमांक आणि त्याच्या आधी एक अक्षर: ‘खा’ म्हणजे खासगी, ‘सं’ म्हणजे संस्थानी. जुन्या चिठ्ठ्या मोडीत, नंतरच्या हिंदीत.

पुढे ‘सं’ वस्तू प्रांतिक सरकारनं संग्रहालयाकडे ठेव म्हणून सोपवल्या. ‘खा’ वस्तूंपैकी काही घराण्यानं पन्नाशीच्या दशकात भेट दिल्या आणि उरलेल्या १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर दिल्या. म्हणजे एकाच कपाटात, एकाच फळीवर दोन मालकांच्या वस्तू शेजारी शेजारी होत्या. कोणती कोणाची हे सांगणारी गोष्ट एकच, बासनातली चिठ्ठी. संग्रहालयाच्या दाखल-नोंदवहीत ‘खा’ आणि ‘सं’ उतरवून घेतलेलं नव्हतं. नोंदवही करणाऱ्यानं स्वतःचे नवे क्रमांक घातले आणि ते बासनाच्या कापडावर शाईनं लिहिले. पोथीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

वस्तूवर स्वतःची ओळख कोरलेली असण्याचं भाग्य थोड्यांनाच मिळतं. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं आणि वाड्यातला ऐवज लिलावात फुटला. २०२५ मध्ये राज्य शासनानं लंडनच्या लिलावात घेतलेली रघूजी भोसल्यांची तलवार ओळखता आली, कारण पात्यावर देवनागरीत त्यांचं नाव आहे. सचित्र भागवताच्या सुट्या पानावर असं काही नसतं. शेवटच्या पत्रावर (पानावर) पुष्पिका, म्हणजे समारोपाची नोंद, असलीच तर लेखकाचं नाव आणि शक मिळतो. ती कोणत्या पोथीखान्यातली, कोणत्या पेटीतली, हे पुष्पिका सांगत नाही.

भांडार आणि कूलर

भांडाराची खोली तळमजल्यावर, विटांच्या जुन्या बंगल्यात, पश्चिमेकडे. सुमारे ६ मीटर लांब, साडेचार मीटर रुंद, ४ मीटर उंच. लोखंडी कपाटं सहा, त्यातली तीन पश्चिमेच्या भिंतीला जवळजवळ टेकलेली, मध्ये दोन बोटांचं अंतर. त्या भिंतीवरून पन्हळ उतरते.

त्या वर्षी मार्चअखेर याच खोलीत पोथ्यांची छायाचित्रं काढायचं काम सुरू झालं. काम करणाऱ्यांसाठी खिडकीत कूलर बसवला. नागपुरात हे इतकं स्वाभाविक आहे की त्यावर कोणी चर्चाही केली नाही.

कूलर काय करतो ते इथे नीट समजून घ्यायला हवं, कारण प्रकरणाची मुळं तिथे आहेत. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असते. वुडवूलच्या ओल्या जाळीतून ही हवा आत आली की ती गार होते आणि ओलीही होते. खिडकी-दार उघडं असेल तर खोलीतली आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत राहते. कागदासाठी हा आकडा उत्तम. भिंतीवरच्या मीटरवर तो रोज दिसत होता, नोंदवहीत चढत होता, आणि विश्वस्तांच्या बैठकीत ‘यंदा भांडाराचं हवामान सुधारलं’ असं नोंदलंही गेलं.

दोन गोष्टी कोणाच्या ध्यानात आल्या नाहीत. संध्याकाळी सहाला कूलर बंद झाला की रात्रीतून आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरायची आणि सकाळी पुन्हा चढायची. कपाटं बंद असतात तोवर आतल्या बासनांना याचा धक्का कमी बसतो, पण छायाचित्रणासाठी ती दिवसभर उघडी होती. तीन महिने रोज कागद फुगतो आणि आकसतो, त्यावरचा रंगाचा थर मात्र त्या मापानं ताणला जात नाही. गोंदात कालवलेला जाड रंग अशानं कागदापासून सुटू लागतो.

दुसरी गोष्ट जूनमधली. मृग लागून पाऊस सुरू झाला की बाहेरचीच आर्द्रता ७० ते ८० टक्के होते. आता कूलर हवा फारशी गार करू शकत नाही, आणि पाणी आधीपेक्षा कमी टाकत असला तरी आधीच दमट असलेल्या हवेला तेवढंही पुरतं. पण उकाडा असतो म्हणून तो चालूच राहतो. घरोघरी हेच होतं आणि घरात त्यानं फार बिघडत नाही. भांडारात बिघडलं. डेटालॉगरची (तापमान-आर्द्रता आपोआप टिपणाऱ्या यंत्राची) नोंद नंतर उतरवली तेव्हा दिसलं की जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून पंधरा दिवस आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली आलीच नव्हती. ६५ ते ७० च्या वर दीर्घकाळ राहिलं की कागदावर, खळीवर, चामड्यावर बुरशी धरते. ८० च्या पुढे तिला आठवडाही पुरतो. त्यात पन्हळ पानांनी तुंबलेली, भिंत ओली, आणि कपाटाच्या पाठीमागे हवा खेळायला जागा नाही. सर्वात खालच्या दोन फळ्या आधी पकडल्या गेल्या.

लॉगर खोलीत होता, चालू होता, नोंद घेत होता. ती उतरवून वाचायची जबाबदारी कोणाकडेच नव्हती.

पहिले तीन तास

७ जुलैला सकाळी कपाट उघडल्यावर कुबट वास आला. खालच्या बासनांवर पांढरे-हिरवट ठिपके दिसले. अभिरक्षक बाई त्या दिवशी अकराला येणार होत्या. त्या दिवशी पावसाची उघाड होती. दोघा शिपायांनी सद्भावनेनं, आणि घरी धान्य-पापडांना ऊन दाखवतात त्याच समजुतीनं, तिन्ही कपाटांच्या खालच्या फळ्या रिकाम्या केल्या. एकूण ५७ बासनं: ३१ पोथ्या आणि चित्रांचे २६ गठ्ठे, ज्यांत १६८ सुटी चित्रं होती. व्हरांड्यात सतरंजी अंथरून सगळी बासनं सोडली. तांबड्या खारव्याची कापडं धुवायला एका ढिगात टाकली. पानं फडक्यानं पुसली. चिठ्ठ्या काही पानांत राहिल्या, काही कापडाबरोबर गेल्या, काही वाऱ्यानं उडाल्या आणि केरात गेल्या.

“मॅडम, वास येऊन राह्यला होता, म्हणून उन्हात टाकलं,” एवढंच स्पष्टीकरण मिळालं, आणि ते खरंही होतं. पावसाळ्यात बुरशी दिसली तर काय करायचं, हे त्यांना कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

नुकसान तीन प्रकारचं झालं.

पहिलं रंगाचं. राजदरबारी व्यक्तिचित्रांत मोत्यांच्या माळा पांढऱ्या रंगाचे जाड, उठावदार ठिपके देऊन काढतात. आधीच सैल झालेले हे ठिपके फडक्याला लागून निघून आले. तीन चित्रांतले राजेसाहेब बिनमोत्यांचे झाले. ओलसर बुरशी पुसली की ती निघत नाही, पसरते. तिचे तंतू रंगाच्या थरात रगडले जातात आणि करडा डाग कायमचा बसतो. असे डाग ११ पानांवर पडले.

दुसरं, बुरशी नसलेल्या वस्तूंना बुरशी मिळाली. नंतर तपासलं तेव्हा ५७ पैकी फक्त १९ बासनांत बुरशी धरलेली आढळली. बाकीची ३८ सोडायचीच नव्हती. एकाच सतरंजीवर सगळी झटकली गेल्यानं बीजाणू सगळ्यांवर बसले.

तिसरं चिठ्ठ्यांचं. ते त्या दिवशी कोणाला नुकसान वाटलंच नाही.

समोरचे पर्याय

अभिरक्षक आल्यावर पहिला निर्णय सोपा होता: ऊन बंद, पुसणं बंद, कापडं धुणं बंद. पुढचा कठीण होता.

थायमॉलची धुरी हा दफ्तरखान्यांतला जुना, ओळखीचा उपाय. बंद कपाटात खाली थायमॉलचे खडे, त्याखाली ४० किंवा ६० वॉटचा दिवा, रोज काही तास, आठ-दहा दिवस. संग्रहालयाकडे असं कपाट होतंही. एका विश्वस्तांचा आग्रह याच उपायाचा होता. तो नाकारला गेला. थायमॉलची वाफ तेलरंग आणि वार्निश मऊ करते, काही रंगद्रव्यांवर तिचा भरवसा नाही, माणसाला ती बाधते. आणि धुरीचा असर टिकत नाही. खोली ओली राहिली तर महिन्याभरात बुरशी पुन्हा उगवते.

गोठवणं हा पर्याय भिजलेल्या ग्रंथांसाठी वेळ मिळवून देतो. इथे कागद भिजलेला नव्हता, फक्त दमट होता. गोठवल्यानं बुरशी थांबते, मरत नाही, आणि जाड रंगाच्या चित्रांना तो ताण द्यायचं कारण नव्हतं. शहरातलं जे शीतगृह सुचवलं गेलं तिथे संत्री ठेवतात. त्यावर वेळ घालवला गेला नाही.

सगळं लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळेकडे पाठवावं, असंही निघालं. चांगला विचार, पण बुरशी जिवंत असताना भर पावसात वाहतूक करायची म्हणजे बंद पेटीत तिला आणखी दोन दिवस उबारा द्यायचा. शिवाय पाठवायला मालकाची संमती लागते, आणि इथेच पहिल्यांदा कोणीतरी विचारलं: यातली सरकारी ठेव कोणती?

उरला तो चौथा मार्ग: वेगळं ठेवा, हळूहळू सुकवा, बुरशी सुप्त झाली की कोरडी काढा. वेळखाऊ, पण वस्तूला सर्वात कमी हात लावणारा. तो स्वीकारला.

काय केलं

पूर्वेकडची एक रिकामी खोली विलगीकरणासाठी घेतली. तिची दारं-खिडक्या बाकी इमारतीकडे उघडत नाहीत हे पाहिलं. दोन डीह्युमिडिफायर भाड्यानं आणले, त्यांची टाकी दर चार तासांनी रिकामी करायची पाळी लावली. आर्द्रता एका दिवसात खाली आणली नाही. ७५ वरून ५५ पर्यंत यायला नऊ दिवस घेतले, साधारण दोन दिवसाला पाच टक्के, नाहीतर पानं वाकतात आणि रंग उडतो. वातानुकूलन यंत्र मुद्दाम वापरलं नाही. ते रात्री बंद केलं की आर्द्रता उसळते, आणि रात्रभर चालवायची परवानगी त्या इमारतीत नव्हती.

पानं टीपकागदावर एकेक सुटी ठेवली. पॉलिथिनच्या पिशवीत बंद करायचा मोह झाला होता. पण आतला दमटपणा आतच कोंडला जातो, म्हणून ते टाळलं. काम करणाऱ्यांना एन-९५ मास्क, नायट्राइलचे हातमोजे आणि अंगरखे दिले. कारण फक्त बुरशी नव्हतं. जुन्या पोथ्यांच्या कागदाला कीड लागू नये म्हणून हरताळ लावलेला असतो, चुकलेलं अक्षर झाकायलाही हरताळच. तो पिवळा रंग आर्सेनिकचा आहे. जुन्या भांडारात डीडीटीचाही मारा झालेला असतो. फडक्यानं पुसताना उघड्या हातांना काय काय लागलं असेल, याचा हिशेब त्या दिवशी कोणी केला नव्हता.

बुरशी सुप्त झाली का, याची परीक्षा साधी आहे. बारीक कुंचल्याचं टोक लावायचं. चिकटून फरफटली तर जिवंत, भुकटीसारखी उडाली तर सुप्त. दहाव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान बहुतेक पानं या परीक्षेत उतरली.

मग सफाई. हेपा फिल्टरचा (बीजाणूंसारखे बारीक कण अडवणारा), ओढ कमी-जास्त करता येणारा व्हॅक्यूम क्लीनर. नळीच्या तोंडाला नायलॉनची जाळी, म्हणजे सुटलेली रंगाची कपची आत जाणार नाही. नळी पानाला टेकवायची नाही. मऊ कुंचल्यानं भुकटी नळीकडे ढकलायची. त्याआधी प्रत्येक चित्र तिरप्या उजेडात पाहायचं, टॉर्च पानाच्या पातळीवर आडवी धरून. सुटू पाहणारा रंग तेव्हाच सावली टाकतो. जिथे सावली दिसली तिथे कुंचला फिरवलाच नाही. दोघांच्या जोडीनं दिवसाला १२ ते १५ पानं व्हायची, त्याहून जास्त केली की हात घाई करतो. एकट्या चित्रांनाच दोन आठवडे लागले.

सर्वात नाजूक निघाली ती हिरव्या हाशियाची, म्हणजे चित्राभोवतीच्या समासाची, नऊ पानं. हा हिरवा म्हणजे जंगाल, तांब्याचा गंज. दमटपणात तो कागदाला आतून खातो: हाशियाच्या पाठीमागे तपकिरी डाग येतो, कागद पापडासारखा कडक होतो आणि उचलताना तुटतो. दोन पानांच्या कडा तुटल्याच. ते तुकडे पानाबरोबर लखोट्यात ठेवले, चिकटवले नाहीत. पाण्याचा कोणताही उपचार इथे चालत नाही, कारण ओलाव्यानं तांबं आणखी पसरतं. ही नऊ पानं लखनौला पाठवायची ठरली.

बासनं आणि चिठ्ठ्या

लखनौच्या पत्रात मालकाचं नाव लिहायचं होतं. तिथे काम अडलं.

५७ पैकी ४९ चिठ्ठ्या गोळा झाल्या होत्या, त्यांतल्या सहा कचराकुंडीतून. पण कोणती चिठ्ठी कोणत्या वस्तूची, हे सांगता येईना. १९४८ च्या यादीची टंकलिखित प्रत होती. तिच्यात ‘भागवत, जुनी, सचित्र’ एवढंच वर्णन असलेल्या सहा नोंदी सापडल्या. ‘राजपुरुषाचे चित्र’ अशा एकोणीस. कारकुनाला यादी करताना ती पुरेशी वाटली असणार, कारण त्याच्या दृष्टीनं चिठ्ठी वस्तूबरोबरच राहणार होती.

खारव्याच्या कापडांबाबत दोन मतं होती. ती मळकी, कसरीनं खाल्लेली, बुरशीची, आणि त्यांचा तांबडा रंग ओलाव्यात सुटतो. टाकून द्यावीत, नवी शिवावीत, असं बहुमत होतं. अभिरक्षकांनी ती राखून ठेवायला लावली, नेमकं का हे त्या क्षणी त्यांना पुरतं सांगता आलं नाही. हा या प्रकरणातला सर्वात चांगला निर्णय ठरला. कापडं धुतली नाहीत. सुकवून, तीच जाळी लावून व्हॅक्यूम केली आणि सपाट ठेवली.

मग मेळ लावायचं काम सुरू झालं, आणि ते संग्रहालयाच्या नेहमीच्या कामापेक्षा पंचनाम्याच्या जवळचं होतं.

एका शिपायानं बासनं सोडण्यापूर्वी बुरशीचे फोटो काढून कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले होते. २३ फोटोंत बासनं फळीवर जशी होती तशी दिसत होती. मोठं करून पाहिल्यावर ११ बासनांची चिठ्ठी किंवा कापडावरचा क्रमांक वाचता आला, आणि कोणत्या बासनात काय होतं हे त्याच शिपायानं सोडण्याच्या क्रमावरून सांगितलं. ज्याच्यावर आधी सगळे चिडले होते त्याच्याच आठवणीवर हा भाग उभा राहिला.

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ चा. तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. चित्रं आणि सचित्र हस्तलिखितं यांची नोंदणी खासगी मालकांना करावी लागते, आणि अर्जाबरोबर छायाचित्र द्यावं लागतं. संस्थेनं त्या काळात भेटीच्या वस्तूंची नोंदणी केलेली होती. त्या जुन्या कृष्णधवल फोटोंवरून १६ बासनं पक्की झाली. ती सगळी अर्थातच ‘खा’.

उरलेल्यांसाठी वस्तूच साक्षीला घ्याव्या लागल्या. कसरीचं किंवा किड्याचं छिद्र कापडातून शिरतं, चिठ्ठीतून जातं आणि पानांत उतरतं. तिन्ही एकावर एक ठेवून छिद्रं एका रेषेत आली की शंका उरत नाही. चिठ्ठीला लावलेल्या टाचणीचा गंज पहिल्या पानावर उमटलेला असतो. खारव्याचा तांबडा डाग पोथीच्या कडेला जिथे लागला तिथेच कापडावर फिका पट्टा असतो. लाकडी पाट्यांमध्ये बांधलेल्या पोथीच्या कोपऱ्यांच्या घड्या कापडात वर्षानुवर्षांनी पक्क्या बसतात. फूटपट्टीनं मोजल्या तर पोथीची लांबी-रुंदी-जाडी मिळते. छिद्रं, गंज आणि डाग यांवरून आणखी १४ निश्चित झाली. नुसत्या घड्यांच्या मापावरून नऊ जुळली, पण मापं सारखी असलेल्या पोथ्या अनेक असतात, म्हणून त्यांना ‘निश्चित’ म्हटलं नाही.

कापडं त्याच दिवशी धुतली असती तर डाग, घड्या आणि कदाचित छिद्रांच्या कडाही गेल्या असत्या.

सात बासनं अनिर्णित राहिली. इथे दबाव आला: लेखापरीक्षण तोंडावर होतं आणि सात चिठ्ठ्या सात वस्तूंना अंदाजानं लावून टाकल्या तर नोंदवही पुरी होत होती. तसं केलं नाही. प्रत्येक नोंदीत तीन शब्दांपैकी एक लिहायचा असं ठरलं: निश्चित, संभाव्य, अनिर्णित. आणि ते कशावरून, हेही. सात वस्तूंना ‘ता’ असं अक्षर लावून तात्पुरते क्रमांक दिले. त्यांच्या बाबतीत कडक नियम लावला: निर्णय लागेपर्यंत त्या सरकारी ठेव धरायच्या. म्हणजे प्रदर्शनाला उसन्या द्यायच्या नाहीत, वरवरच्या सफाईपलीकडे उपचार करायचा नाही.

परिणाम

एकूण ५७ पैकी ४१ निश्चित, ९ संभाव्य, ७ अनिर्णित. बुरशीची सफाई सहा आठवड्यांत संपली. मेळ लावायला सात महिने गेले. पुढच्या पावसाळ्यात बुरशी परतली नाही. तीन राजेसाहेबांचे मोती परत आले नाहीत. सतरंजी झटकताना मिळालेल्या पांढऱ्या कपच्या एका काचेच्या डबीत आहेत, पण त्या कोणत्या माळेच्या, हे सांगता येत नाही.

जंगालाच्या नऊ पानांपैकी सहा ‘खा’ निघाली आणि लखनौला गेली. तीन ‘सं’ आहेत. त्यांची संमती अजून मिळायची आहे, आणि ती मागायची कोणाकडे हाच प्रश्न आहे. ठेव दिली ती मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारनं. १९५० मध्ये त्याचं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरच. १९५६ मध्ये नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात आलं, संस्थानचा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला, आणि २००० पासून तो छत्तीसगडात आहे. ठेव देणारं सरकार नकाशावर उरलं नाही, ठेव मात्र कपाटात आहे. तीन राज्यांकडे पत्रं गेली आहेत.

भांडारात आता कपाटं भिंतीपासून एक हात पुढे ओढली आहेत. खालची फळी जमिनीपासून १५ सेंटीमीटरहून वर. पन्हळ मेच्या शेवटच्या आठवड्यात साफ होते. नवी बासनं मांजरपाटाची, आधी उकळून खळ काढलेली, कारण खळ हेच कसरीचं खाद्य. जुनं कापड त्याच क्रमांकानं वेगळ्या लखोट्यात. क्रमांक पोथीच्या शेवटच्या पत्राच्या मागे, कोऱ्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीनं लिहिला आहे.

पुन्हा वेळ आली तर

कूलर भांडारात बसवायचाच नव्हता. छायाचित्रण दुसऱ्या खोलीत करून पोथ्या दहा-दहाच्या गटानं नेता आल्या असत्या. हे खर्चिक नव्हतं, फक्त गैरसोयीचं होतं. माणसांना गारवा हवा हे रास्त आहे. माणसं आणि पोथ्या एका खोलीत दिवसभर बसवणं ही चूक होती. आणि मेमधला चांगला आकडा पाहून जूनबद्दल निर्धास्त होणं ही त्याहून मोठी. लॉगरची नोंद दर सोमवारी वाचणारा एक माणूस नेमला असता, तर जूनच्या चौथ्या आठवड्यातच कळलं असतं.

शिपायांना दोष देऊन काही साधत नाही. दाराच्या आतल्या बाजूला आता चार ओळींचा कागद लावला आहे: बुरशी दिसली तर कपाट बंद करा, कूलर-पंखा बंद करा, फोटो काढा, अमुक नंबरवर फोन करा. काहीही उघडू नका, पुसू नका. फोटो काढायची ओळ त्या शिपायाच्या सांगण्यावरून घातली.

एक निर्णय अजूनही वादात आहे. ५७ बासनं एकत्र विलगीकरणात नेली, त्याऐवजी त्याच दिवशी १९ आणि ३८ अशी वाटणी करायला हवी होती, असं अभिरक्षकांचं आता मत आहे. ३८ बासनं लगेच पुन्हा बांधली असती तर निदान तेवढ्यांच्या चिठ्ठ्या शिपायांच्या ताज्या आठवणीवरून जागच्या जागी लागल्या असत्या. दुसरी बाजू अशी की बीजाणू बसलेली बासनं न झटकता पुन्हा बांधणं म्हणजे बुरशी आत बंद करणं. मधला मार्ग होता: बांधायची नाहीत, पण प्रत्येक वस्तू, तिचं कापड आणि तिची चिठ्ठी एका ताटलीत शेजारी शेजारी ठेवायची. ५७ ताटल्या लागल्या असत्या. शेजारच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी शेकड्यानं होत्या.

आणि ‘खा’-‘सं’ची अक्षरं नोंदवहीत उतरवून घेणं हे कोणत्याही आपत्तीविना, कोणत्याही उन्हाळ्यात, दोन माणसांच्या पंधरा दिवसांच्या कामात झालं असतं. १९४८ पासून ते ‘पुढच्या वर्षी’वर राहिलं. उरलेल्या तीन कपाटांतल्या बासनांचं ते काम त्या प्रकरणानंतर लगेच हाती घेतलं. तिथल्या ८८ चिठ्ठ्यांपैकी पाच आधीच चुकीच्या बासनांत होत्या, पेन्सिलीनं खाडाखोड करून. बहुधा एखाद्या जुन्या पावसाळ्यातल्या.